टक्के कशाचे? पावसाचा नकाशा आणि धरणाचा आलेख वाचताना

पावसाळा लागला की हवामान विभागाचा जिल्हावार पावसाचा नकाशा कुठून ना कुठून समोर येतोच. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्यात एक जिल्हा लाल दिसतो, शेजारचा पिवळा. पाहणारा सहज म्हणतो, लाल जिल्ह्याचं अवघड आहे, पिवळ्याचं त्या मानाने बरं. प्रत्यक्षात उलट आहे. या नकाशात लाल म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस, आणि पिवळा म्हणजे ६० ते ९९ टक्के कमी. पिवळा जिल्हा लालपेक्षा जास्त कोरडा असतो. नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची चौकट असते आणि तिथे हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पण मोबाइलवर पुढे पाठवताना चित्र कापलं जातं आणि नेमकी ती चौकटच गळून पडते.

त्यात भर पडते इशाऱ्याच्या नकाशाची. तिथेही लाल असतो, पण त्याचा अर्थ धो धो पाऊस येण्याची शक्यता, सावध राहा नव्हे तर लगेच हालचाल करा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे इशारा नाही. एकाच खात्याचे दोन नकाशे, एकात लाल म्हणजे तूट आणि दुसऱ्यात लाल म्हणजे अतिवृष्टीची भीती. पहिला झालेल्या पावसाचा, दुसरा येणाऱ्या पावसाचा. म्हणून नकाशा हाती आला की रंगांकडे बघण्याआधी शीर्षक आणि तारीख वाचावी. झालेला की होणारा, कोणत्या दिवसाचा, एका दिवसाचा की १ जूनपासून आजपर्यंतचा, एवढं कळेपर्यंत रंगावरून काहीही बोलू नये.

तारखेतही एक मेख आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. २७ जुलैच्या नोंदीतला पाऊस बहुतांश २६ जुलैला पडलेला असतो. 'काल तर आमच्याकडे ढगफुटीसारखा झाला आणि नकाशात शून्य' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ या साडेआठच्या काट्यात सापडतं.

सरासरी कुणाची, किती वर्षांची

पावसाच्या नकाशात रंग मिलिमीटरचा नसतो, टक्क्यांचा असतो. आणि टक्के म्हटले की पहिला प्रश्न यायला हवा: कशाचे? इथे ते त्या त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या सरासरीचे असतात. हवामान विभाग सध्या १९७१ ते २०२० या ५० वर्षांची सरासरी धरतो. पूर्ण देशासाठी जून ते सप्टेंबरची ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर येते. आधीच्या काळातल्या सरासरीने ती ८८ होती. म्हणजे टक्के काढताना ज्याने भागायचं तो खालचा आकडाच बदललेला असतो. जुन्या बातमीतली टक्केवारी आजच्या शेजारी ठेवताना हे लक्षात ठेवावं.

महाराष्ट्र हवामान खात्याच्या हिशेबात चार उपविभागांत येतो: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. कोकण व गोव्याची हंगामी सरासरी सुमारे २,८७० मिलिमीटर, मराठवाड्याची साडेसहाशेच्या आत. आता बघा. जिल्हावार आणि उपविभागवार नकाशात उणे १९ ते अधिक १९ टक्के एवढा सगळा पट्टा 'सामान्य' म्हणून हिरवा रंगवतात. कोकणात १९ टक्के कमी पडला तर प्रत्यक्षात सुमारे ५४५ मिलिमीटर पाणी कमी पडलं, तरी कोकण हिरवंच. तेवढ्या पाण्यात मराठवाड्याच्या हंगामाचा बराचसा भाग निघाला असता. उलट मराठवाड्यात १३० मिलिमीटर कमी पडला की २० टक्क्यांची तूट भरते आणि नकाशा लाल होतो. रंग दोन्ही ठिकाणी बरोबर आहेत. प्रत्येक प्रदेशाची त्याच्याच सवयीशी तुलना केली आहे, कारण कोकणातलं भात आणि मराठवाड्यातलं सोयाबीन वेगवेगळ्या पाण्यावर जगतं. मात्र दोन प्रदेशांत मिळून पाणी किती आलं, हे सांगण्यासाठी हा नकाशा नाहीच.

'सामान्य' या शब्दाचंही एकच माप नाही. एप्रिलमध्ये हवामान विभाग देशासाठी अंदाज जाहीर करतो तेव्हा ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. ९० ते ९५ म्हणजे सामान्यपेक्षा कमी, ९० च्या खाली अपुरा. तोच शब्द जिल्ह्याच्या नकाशात ८१ ते ११९ टक्क्यांपर्यंत ताणलेला असतो. देश मोठा, त्याच्या सरासरीत इकडची तूट तिकडच्या जादा पावसाने भरून निघते, म्हणून तिथे चार टक्क्यांचा फरकही मोठा. जिल्हा लहान, तिथे वर्षागणिक चढउतार जास्त, म्हणून पट्टा रुंद. कारण योग्य आहे, पण मथळ्यात दोन्ही ठिकाणी 'सामान्य पाऊस' एवढंच छापून येतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या टक्केवारीवर तर विसंबूच नये. समजा एखाद्या जिल्ह्याची ७ जूनपर्यंतची सरासरी १० मिलिमीटर आहे आणि एका संध्याकाळी वळवाचा २५ मिलिमीटर झाला. नकाशात तो जिल्हा १५० टक्के अधिक, गडद निळा. शेतात ओल मात्र चार बोटांची. तळातला आकडा लहान असला की टक्के असे उड्या मारतात. जुलै संपेपर्यंत तळ भरतो आणि मग टक्केवारी स्थिरावते.

एका रंगाखाली किती गावं

सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वर, वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. पूर्वेला माण तालुका, तिथे ५०० च्या आसपास. दोघांमध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही. नकाशात हा सगळा जिल्हा एका रंगाचा. घाटावर आठवडाभर संततधार लागली की जिल्ह्याची सरासरी वर जाते, नकाशा हिरवा होतो आणि माणमध्ये टँकर सुरूच राहतात. 'सरासरीइतका पाऊस झाला तरी टंचाई कशी' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. सोलापूर आणि महाबळेश्वर हे दोन्ही ज्या मध्य महाराष्ट्र उपविभागात बसतात, त्या उपविभागाच्या आकड्याबद्दल तर बोलायलाच नको.

यावर उपाय म्हणजे खालच्या पायरीचा नकाशा बघणं. जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली महसूल मंडळ. आपल्याकडे मंडळवार पावसाची आकडेवारी राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळते. अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस हा जो निकष ऐकू येतो, तो हवामान खात्याच्या 'जोरदार पाऊस' या श्रेणीच्या उंबरठ्याशी जुळतो. तिथे ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार.

मंडळाचा आकडासुद्धा अखेर एका पर्जन्यमापकाचा असतो, आणि मंडळात गावं अनेक. वळवाचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो, असं खेड्यात म्हणतात ते उगाच नव्हे. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मात्र खेड्यातलं नाही, मुंबईचं आहे. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आत. दोन केंद्रांमध्ये सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर ५०० च्या आसपास येते, आणि तेवढा पाऊस या दोन्हीपैकी कुठेच पडलेला नव्हता. नकाशावर सलग रंग दिसला की तो ठिपक्यांमधली जागा अंदाजाने भरून काढलेला असतो, हे मनात ठेवावं.

इथेच निवडणुकीच्या नकाशाबद्दल दोन शब्द. नकाशा जमीन रंगवतो, माणसं रंगवत नाही. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२, विधानसभेच्या जागा तीन. मुंबई शहर आणि उपनगर मिळून लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास, जागा ३६, आणि राज्याच्या नकाशावर ते जेमतेम एका ठिपक्याएवढं. निकालाच्या रात्री टीव्हीवर राज्य कुठल्या रंगाने भरलंय हे बघून कोण पुढे आहे ते ठरवलं तर गडचिरोलीचं वजन मुंबईच्या कितीतरी पट धरलं जातं. असा निकाल वाचायचा असेल तर प्रत्येक जागेला सारखाच चौकोन देणारा नकाशा किंवा साधी जागांची पट्टी जास्त प्रामाणिक. रोगराईच्या नकाशातही हेच. एखाद्या जिल्ह्यात डेंग्यूचे रुग्ण जास्त, हे बहुतेक वेळा तिथे माणसं जास्त एवढंच सांगतं. दर लाख लोकसंख्येमागे किती, हा आकडा नसेल तर तो नकाशा लोकसंख्येचाच आहे असं समजावं.

धरण किती टक्के भरलं

ऑगस्ट उजाडला की पावसाच्या नकाशाची जागा धरणांचे आलेख घेतात. इथे टक्क्यांचा घोळ अजून मोठा आहे.

पुण्याच्या खडकवासला साखळी प्रकल्पाचं उदाहरण स्वच्छ आहे. चार धरणं: खडकवासला १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. एकूण २९.१५ टीएमसी. दर पावसाळ्यात पहिली बातमी येते, 'खडकवासला १०० टक्के भरलं', सोबत दरवाज्यातून सुटणाऱ्या पाण्याचा फोटो. सगळ्यात लहान धरण सगळ्यात आधी भरणारच. हिशेबासाठी समजा एका दिवशी खडकवासला १०० टक्के, पानशेत ५०, वरसगाव ४० आणि टेमघर ३० टक्के आहे. चार पट्ट्यांचा आलेख बघून डोळा सरासरी काढतो: ५५ टक्के. आता पाणी मोजा. १.९७ अधिक ५.३३ अधिक ५.१३ अधिक १.११, म्हणजे १३.५४ टीएमसी. २९.१५ पैकी हे ४६ टक्के होतात. जवळपास नऊ टक्क्यांचा फरक, म्हणजे सुमारे अडीच टीएमसी पाणी, जे फक्त आलेखात होतं. टक्क्यांची सरासरी कधीच काढू नये. आधी पाणी बेरजेला घ्यावं, मग एकदाच भागावं.

मुंबईत याचंच रूप म्हणजे 'तुळशी तलाव भरून वाहू लागला'. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७, म्हणजे जवळपास निम्मा. तुळशीची क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर, एक टक्काही नाही. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी लागतं असं धरलं तर काठोकाठ भरलेला तुळशी दोन दिवसांचं पाणी देतो. मुंबईकराने नजर भातसावर ठेवावी.

आणि उजनी. इथे तर आलेख शून्याच्या खाली जातो. 'उजनी उणे ४० टक्के' हे वाचून बाहेरच्या माणसाला काहीच उमगत नाही. शून्याच्या खाली पाणी कसं असेल? कारण टक्के एकूण पाण्याचे नसतात, उपयुक्त साठ्याचे असतात. धरणाच्या तळाशी, कालव्याच्या तोंडाखाली राहणारं पाणी मृत साठा म्हणून वेगळं मोजतात. उजनीत तो सुमारे ६३.६६ टीएमसी, म्हणजे उपयुक्त साठ्याहूनही मोठा. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. जेव्हा धरणात ६३.६६ टीएमसी उरतं तेव्हा पाटीवर लिहितात शून्य टक्के. त्याखालचा प्रत्येक टीएमसी ५३.५७ ने भागून उणे खात्यात जातो. उणे ४० म्हणजे सुमारे २१.४ टीएमसी खाली, धरणात अजून ४२ टीएमसीच्या आसपास पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० च्याही खाली गेलं होतं. पाणी संपलेलं नव्हतं, पण ते कालव्यात आपसूक चढत नाही, उपसावं लागतं, आणि त्यात तळाचा गाळही आहे. त्याच उजनीच्या बाबतीत पावसाळ्यात १०० च्या वरचे आकडेही येतात, कारण पूर्ण पातळीच्या वर थोडं जादा पाणी साठवायची सोय आहे. उणे ५० ते अधिक ११० अशी पट्टी असलेला आलेख शून्यापासून सुरू करून काढला तर अर्धं चित्र कापलं जातं. उजनीचा आलेख वाचताना त्यात मृत साठा धरलाय की नाही, हे आधी शोधावं. तिथे दोन्ही पद्धती दिसतात.

जायकवाडीच्या बाबतीत तर या टक्क्यावर दोन विभागांचं पाणी अडलेलं असतं. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, उपयुक्त ७६.६५. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा टप्पा ठरला. ६५ टक्के म्हणजे सुमारे ४९.८ टीएमसी. हाच आकडा जर एकूण साठ्याच्या टक्क्यांत मांडला, तर ४९.८ आणि मृत साठ्याचे २६, मिळून ७५.८ टीएमसी, म्हणजे ७४ टक्के दिसेल. पाणी तेच, थेंबभर फरक नाही, पण एका आलेखात ६५ आणि दुसऱ्यात ७४. अशा वादाच्या बातम्यांत टक्के कशाचे हे न सांगणं म्हणजे वाचकाला अंधारात ठेवणं आहे.

आणखी एक घोटाळा पातळीचा. धरण म्हणजे सरळ भिंतींची टाकी नव्हे. खाली दरी अरुंद, वर पसरट. तळाजवळ एक फूट पातळी वाढली तर थोडं पाणी वाढतं, माथ्याजवळ तोच एक फूट कितीतरी जास्त पाणी देतो. म्हणून 'पातळी इतके फूट वाढली' या आकड्यावरून साठा किती वाढला ते थेट काढता येत नाही. साठ्याचा आकडा टीएमसीत किंवा दशलक्ष घनमीटरमध्ये मागावा. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. विसर्गाच्या बातम्यांसाठी एक सोपी किल्ली हाताशी असू द्या: ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सलग २४ तास सुटलं की एक टीएमसी होतं. धरणातून २३ हजार क्युसेकने पाणी सोडलं असं वाचलं की दिवसाला दोन टीएमसी, हे तोंडी निघतं.

पट्ट्या कुठून सुरू होतात

छापील आलेखांत डोळ्याला फसवणारी सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे कापलेला अक्ष. समजा गेल्या वर्षी साठा १३.५ टीएमसी होता आणि यंदा १४.२ आहे. फरक पाच टक्क्यांचा. आता उभा अक्ष शून्याऐवजी १३ पासून सुरू करा. गेल्या वर्षीची पट्टी अर्ध्या घराची, यंदाची एक पूर्ण आणि वर थोडी. यंदाची पट्टी जवळजवळ अडीचपट उंच दिसते. आकडे खरे, चित्र खोटं. पट्टीचा आलेख लांबीने बोलतो, म्हणून तो शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. रेषेचा आलेख उताराने बोलतो, तिथे अक्ष मधून सुरू केला तरी चालतं. रोजच्या कांद्याच्या भावाची रेषा शून्यापासून काढली तर चढउतार दिसणारच नाहीत. मात्र अक्षावरचे आकडे स्पष्ट हवेत.

'गतवर्षी याच दिवशी' ही तुलनाही तपासून घ्यावी. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. २०२४ च्या कुठल्याही धरणाच्या आलेखात शेजारी २०२३ ची पट्टी ठेवली की यंदा भरभराट दिसणारच. त्या आलेखात दहा वर्षांच्या सरासरीची एक आडवी रेघ मागावी. ती रेघ बहुतेक ठिकाणी नसते, आणि ती नसली की तुलना अर्धवट राहते.

ढगांचे फोटो आणि वादळाचा सुळका

उपग्रहाच्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात पांढरं किंवा लाल दिसतं ते ढगाच्या माथ्याचं तापमान. माथा जितका थंड तितका ढग उंच. उंच ढगातून पाऊस येण्याची शक्यता जास्त, पण ते पावसाचं माप नव्हे. या चित्रांवरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. कोपऱ्यात १२:०० दिसलं तर ते चित्र आपल्या संध्याकाळी साडेपाचचं. तारीख-वेळ कापलेलं ढगांचं चित्र पुढे पाठवू नये. गेल्या वर्षीचे ढगही तितकेच भयंकर दिसतात.

चक्रीवादळाच्या नकाशात मार्गाच्या दोन्ही बाजूंनी पुढे रुंद होत जाणारा सुळका असतो. तो वादळाचा आकार नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं, त्या शक्यतेची ती हद्द आहे. दिवस पुढचा, तितकी खात्री कमी, म्हणून सुळका रुंद. आपलं गाव मधल्या रेषेपासून दूर आहे म्हणून निर्धास्त राहणं चूक. सुळक्याच्या बाहेर असलं तरीही वारा आणि पाऊस पोचतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते महाराष्ट्राच्या जमिनीवर आलंच नाही, समुद्रातून वर सरकत गुजरातेत गेलं, तरी कोकणपट्टीत झाडं, छपरं आणि आंब्याच्या बागा पडायच्या त्या पडल्या.

आपल्या गावाचा आलेख

दुसऱ्याचे आलेख नीट वाचायला यायचे असतील तर एक पावसाळा स्वतः आलेख काढावा. खर्च आलेखवहीचा. पर्जन्यमापक विकत घेता आला तर उत्तम, नाहीतर सरळ भिंतींचा डबा चालतो. तोंड आणि तळ एकाच रुंदीचे हवेत. बाटली कापून वर मोठं नरसाळं बसवण्याचा मोह होतो आणि तिथेच सगळं बिघडतं. नरसाळ्याचं तोंड १० सेंटिमीटर आणि बाटली ७ सेंटिमीटर रुंद असेल तर पाणी जमा होतं मोठ्या वर्तुळातून आणि मोजलं जातं लहान वर्तुळात. दहा भागिले सात, त्याचा वर्ग, म्हणजे पाऊस दुप्पट दिसतो. डबा उघड्यावर, झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब ठेवावा. पत्र्याखाली किंवा पागोळीच्या तोंडाशी कधीच नको. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजून ओतून द्यावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर, एकरावर चार हजारांच्या वर.

आलेखाला आडवा अक्ष १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस, एक सेंटिमीटरला दहा दिवस. उभा अक्ष मराठवाड्यासारख्या भागात एक सेंटिमीटरला ५० मिलिमीटर, कोकणात २५० धरला तर वहीच्या पानात मावतो. आता रोजचा पाऊस वेगळा न मांडता बेरीज करत जावं: कालपर्यंतचा अधिक आजचा. रेषा फक्त वर चढेल किंवा आडवी राहील, खाली कधीच येणार नाही. आली तर बेरीज चुकली. त्याच पानावर दुसऱ्या रंगाने आपल्या तालुक्याची सरासरी रेषा काढावी. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची महिनेवार सरासरी क्रमाने मिळवून महिनाअखेरचे चार बिंदू जोडले की झालं.

या दोन रेषांत जे दिसतं ते टक्क्यात कधीच दिसत नाही. रेषा आडवी पडलेला तुकडा म्हणजे पावसाचा खंड. सप्टेंबरअखेर दोन्ही रेषा एकत्र येऊन मिळाल्या तर सरकारी हिशेबात तो हंगाम १०० टक्के. पण मध्ये ऑगस्टभर रेषा आडवी राहिली असेल तर शेंगा भरायच्या वेळी जमीन कोरडी होती आणि काढणीच्या वेळी पाऊस कोसळला. पिकाने हा हंगाम शून्यावर धरला असेल. आलेखात ती आडवी रेष बोट ठेवून दाखवता येते, कितव्या दिवसापासून कितव्या दिवसापर्यंत. पंचनाम्याला आलेल्या माणसासमोर तारखांसह अशी वही असणं, तिची कायदेशीर किंमत काहीही असो, बोलणं नेमकं करतं.

ऑक्टोबरपासून त्याच वहीत विहीर घ्यावी. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी मोजते. आपण महिन्यातून एकदा मोजली तरी पुरे. दोरीला वजन बांधून सोडायचं, पाण्याला लागलेली खूण ते कठड्याची कड एवढं अंतर टेपने घ्यायचं, आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. ही वजाबाकी विसरली की विहीर तीन फूट जास्त खोल दिसते. पंप चालू असताना किंवा नुकता बंद केल्यावर मोजू नये, सकाळी उपसा सुरू होण्याआधी मोजावं. या आलेखात उभा अक्ष उलटा काढतात: वर शून्य म्हणजे जमीन, खाली एक मीटर, दोन मीटर, पाच मीटर. तसं केलं की रेषा खाली गेली म्हणजे पाणी खाली गेलं, चित्र आणि विहीर एकाच दिशेने चालतात. काही अहवालांत आकडे नेहमीसारखे खालून वर लावलेले असतात, आणि तिथे वर चढणारी रेषा म्हणजे आटत चाललेली विहीर. अक्षाच्या टोकाला शून्य कुठे आहे ते पाहून मगच रेषेकडे वळावं.